मुंबई-पुण्याएवढ्या वर्तुळात आठ निशाणं

तामिळनाडूचा नकाशा समोर घ्या आणि कंपासचं टोक कुंभकोणमवर रोवा. एका अंगाला कावेरी, दुसऱ्या अंगाला अरसलार, आणि मध्ये देवळांनी गच्च भरलेलं हे गाव. आता कंपास उघडा तो बरोबर मुंबई-पुण्याएवढा, म्हणजे रस्त्याने सुमारे १५० किलोमीटर. फिरवा पेन्सिल! अठराव्या शतकाच्या मध्यावर या वर्तुळात किती निशाणं फडकत होती ते मोजू या. पश्चिमेला तंजावर, तिथे भोसल्यांचं भगवं. त्याच्या पलीकडे त्रिचनापल्ली, तिथे अर्काटच्या नवाबाचा दावा. पूर्वेला समुद्रावर तरंगमबाडी, तिथे १६२० पासून डेन्मार्कचे लोक. खाली नागपट्टणम, तिथे डच. मध्ये कारैकल आणि वर पाँडिचेरी, तिथे फ्रेंच. कडलूरच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात इंग्रज. नैर्ऋत्येला पुदुक्कोट्टईचे तोंडैमान. आणि श्रीरंगमच्या आसऱ्याने तळ ठोकून बसलेलं म्हैसूरचं सैन्य. आठ झाली! अर्धं वर्तुळ समुद्रात बुडलेलं, उरलेली जमीन जेमतेम चाळीस हजार चौरस किलोमीटर. म्हणजे आपले पुणे, सातारा आणि सोलापूर हे तीन जिल्हे. एवढ्याशा जागेत आठ सत्ता, प्रत्येकीकडे तोफा, प्रत्येकीला तंजावरचं भात हवं.

अशी गर्दी म्हटलं की जगाला चीन आठवतो. तिथे १९१६ साली अध्यक्ष युआन शिकाई वारला आणि पुढची बारा वर्षं त्या देशाचे सुभेदार-सेनापती एकमेकांचे प्रांत ओरबाडत राहिले. जगाला तो काळ ‘युद्धसरदारांचा काळ’ म्हणून माहीत आहे आणि त्याचे आकडे ऐकून माणूस गप्प होतो. १९२८ च्या सुमारास चीनमधल्या सगळ्या फौजा मिळून वीस लाखांच्या घरात. पण आपल्याच भोसल्यांच्या राज्यात, कुंभकोणमच्या आसपास, असाच काळ बारा नव्हे, तर शेहेचाळीस वर्षं चालला. १७३६ ते १७८२. कुंभकोणमचा महामहम मेळा बारा वर्षांनी येतो. जवळपास चार महामहम उलटले तरी तोफा थंड झाल्या नाहीत!

आणि गाव तरी कोणतं? आकड्यांशी खेळत श्रीनिवास रामानुजन जिथे लहानाचे मोठे झाले ते हेच कुंभकोणम. त्यांच्यामुळे प्रसिद्ध झालेला १७२९ हा आकडा सगळ्यांना ठाऊक आहे. दोन घनांची बेरीज दोन वेगळ्या रीतींनी देणारी ती सगळ्यांत लहान संख्या. ते १७२९ हे वर्ष म्हणून घ्या. तेव्हा तंजावरच्या गादीवर व्यंकोजीराजांचा मुलगा तुकोजी बसलेला होता, कालवे वाहत होते, कोठारं भरत होती. सातच वर्षांनी, १७३६ मध्ये, तुकोजी गेले आणि बांध फुटला.

पहिला धक्का गादीला. तुकोजींचा मुलगा दुसरा एकोजी वर्षभरात वारला. त्याची राणी सुजानबाई कारभार पाहू लागली, तिला खाली ओढलं. मग शहाजी नावाचा एक दावेदार आला, लोक त्याला काट्टुराजा म्हणत. त्यालाही वर्षाच्या आत खाली ओढलं. शेवटी १७३९ मध्ये प्रतापसिंह बसले. तीन वर्षांत चार धनी! आणि या सगळ्यांना बसवणारा-उठवणारा हात कोणाचा? तंजावरच्या किल्लेदाराचा, सय्यद खानाचा. एक किल्लेदार आणि चार गाद्या. प्रतापसिंहांनी गादीवर येताच पहिलं काम केलं ते त्याला संपवण्याचं. बीजिंगमध्येही हेच झालं. १९१७ च्या जुलैत एका सेनापतीने बालसम्राट पुयीला पुन्हा सिंहासनावर बसवलं, ते राज्य बारा दिवस टिकलं. १९२३ मध्ये त्साओ खुनने खासदारांना मतामागे पाच हजार युआन मोजून अध्यक्षपद विकत घेतलं. तंजावरला तर मतदानाचीही गरज नव्हती, किल्ल्याच्या किल्ल्या पुरेशा होत्या.

आता बाहेरून येणाऱ्या फौजांचे आकडे घेऊ. श्वास रोखा.

१७४० मध्ये साताऱ्याहून रघूजी भोसले आणि फत्तेसिंह भोसले निघाले. फौज पन्नास हजारांची म्हणतात. सातारा ते त्रिचनापल्ली हजार किलोमीटरच्या वर, म्हणजे मुंबई-पुणे सात वेळा, आणि तेही घोड्यावर, मे महिन्याच्या उन्हात. २० मे रोजी दमलचेरीच्या खिंडीत त्यांनी अर्काटचा नवाब दोस्त अली याला ठार केलं. त्याच्या मुलाने, सफदर अलीने, तहात कबूल केले एक कोटी रुपये. पुढच्या मार्चमध्ये त्रिचनापल्ली पडली, दोस्त अलीचा जावई चंदासाहेब कैद होऊन साताऱ्याच्या वाटेला लागला आणि किल्ल्यात मुरारराव घोरपडे चौदा हजार निवडक लोकांसह बसले.

एवढं ऐकून हैदराबादचा निजाम थोडाच बसणार? १७४३ मध्ये तो अर्काटवर आला. ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म आकडा देतो तो ऐंशी हजार घोडेस्वार आणि दोन लाख पायदळ. दोन लाख ऐंशी हजार! तिथे दरबार भरला, तर जो येईल त्याच्या नावापुढे ‘नवाब’ अशी ललकारी. निजाम संतापला. एका दिवसात अठरा नवाब पाहिले, यापुढे कोणी स्वतःला नवाब म्हणवलं तर फटके मारा, असा हुकूम त्याने दिल्याचं ऑर्म सांगतो. अठरा नवाब! चीनच्या प्रांताप्रांतातल्या सेनापतींची यादीही अशीच लांब होती.

तरी हा आकडाही मागे टाकणारा आकडा सात वर्षांनी आला. १७५० मध्ये निजामाचा मुलगा नासिरजंग कर्नाटकात उतरला आणि जिंजीजवळ त्याचा तळ पडला. जिंजी कुंभकोणमपासून सरळ रेषेत १४३ किलोमीटर, म्हणजे आपल्या वर्तुळाच्या कडेच्या अगदी आत. ऑर्मच्या पुस्तकात त्याची फौज अशी: लढणारे तीन लाख, त्यांतले निम्म्याहून जास्त घोडेस्वार, तोफा आठशे, हत्ती तेराशे. त्यांतच मराठ्यांचे तीस हजार स्वार. हा आकडा नुसता वाचून पुढे जाऊ नका. थोडं थांबू, आणि या फौजेला रस्त्यावर उभं करून पाहू.

दीड लाख घोडे. चार-चार घोडे शेजारी लावा, प्रत्येक रांगेला तीन मीटर जागा द्या. झाली ११२ किलोमीटरची ओळ. दीड लाख पायदळ, तेही चार-चार, प्रत्येक रांगेला दीड मीटर. आणखी ५६ किलोमीटर. तेराशे हत्ती एकामागे एक, सहा मीटर प्रत्येकी, तर आठ किलोमीटर. आठशे तोफा, त्यांना ओढणाऱ्या बैलांसकट वीस मीटर प्रत्येकी, तर सोळा किलोमीटर. बेरीज करा. १९२ किलोमीटर! मुंबई छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते पुणे, लोहमार्गाचं अंतर तेवढंच, १९२ किलोमीटर. म्हणजे पहिला घोडा पुण्याच्या फलाटाला लागतो तेव्हा शेवटची तोफ अजून मुंबईच्या फलाटावरून हलायची आहे. बोरघाट पूर्ण भरलेला, खंडाळा भरलेला, लोणावळा भरलेला, आणि माणसं-जनावरं खांद्याला खांदा लावून चालताहेत.

बारा डब्यांच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी साडेचार हजार माणसं कोंबली जातात, असं धरलं तर तीन लाखांना सदुसष्ट लोकल लागतील. घोड्यांसाठी कोणती गाडी लावायची, ते तुम्हीच सांगा!

आणि यांना पाणी? घोडा दिवसाला तीस लिटर पितो, दीड लाख घोड्यांना पंचेचाळीस लाख लिटर. माणसाला पिण्या-शिजवण्याला पाच लिटर, तीन लाखांना पंधरा लाख. हत्तीला दीडशे, तेराशे हत्तींना जवळपास दोन लाख. रोज बासष्ट लाख लिटर! आपल्याकडची वीस फूट व्यासाची आणि वीस फूट पाण्याची विहीर घ्या. तिच्यात एक लाख अठ्ठ्याहत्तर हजार लिटर मावतात. ही फौज अशा पस्तीस विहिरी रोज कोरड्या करते. एक तळ महिनाभर पडला तर एक हजाराच्या वर विहिरी. तोफांचे बैल, सामानाचे उंट, बाजारबुणगे, स्वयंपाकी, त्यांची मुलंबाळं अजून या हिशेबात धरलेलीच नाहीत.

धान्य? माणसामागे पाऊण किलो, घोड्यामागे तीन किलो दाणा. रोज पावणेसातशे टन. एका बैलाच्या पाठीवर वंजारी सव्वाशे किलोच्या आत माल लादत. म्हणजे दररोज साडेपाच हजारांच्या वर बैल माल घेऊन तळात यायला हवेत. सगळे एका ओळीत, तर सतरा किलोमीटर, आणि उद्या पुन्हा तेवढेच. वैरण घोड्यामागे दहा किलो धरली तर दीड हजार टन, म्हणजे दहा टनांचे दीडशे ट्रक, रोज!

फौजांचे जुने आकडे फुगलेले असतात, कबूल. करा निम्मे. तरी रोज सतरा विहिरी. करा पाव. तरी ओळ मुंबईहून कल्याणच्या जवळपास पोचतेच. आता चीनकडे पुन्हा पाहा. आपल्या वर्तुळातली जमीन चाळीस हजार चौरस किलोमीटर, चीन शहाण्णव लाख, म्हणजे दोनशे चाळीस पट. नासिरजंगाच्या एका फौजेच्या दाटीने चीन भरायचा म्हटलं तर तिथे सव्वासात कोटी सैनिक लागले असते. आणि होते वीस लाख!

नासिरजंगाचं काय झालं? त्याच डिसेंबरमध्ये त्याच्याच बाजूच्या एका नवाबाने त्याला गोळी घातली. तीन लाख सैनिक, आणि एक गोळी. त्याच्या जागी आलेला मुजफ्फरजंग दोन महिन्यांत मेला. चंदासाहेब साताऱ्याच्या कैदेतून १७४८ मध्ये सुटून पुन्हा आखाड्यात आला होता. १७५२ मध्ये तो तंजावरचा सेनापती मानकोजी याच्या हाती सापडला आणि त्याचं शीर उडवलं गेलं. आणि मुरारराव घोरपडे? १७५१ मध्ये इंग्रजांच्या आणि अर्काटच्या नवाबीचा दावेदार मुहम्मद अली याच्या बाजूने, १७५३ मध्ये फ्रेंचांच्या आणि म्हैसूरच्या बाजूने, १७५४ मध्ये तंजावरच्या मुलखात, तंजावरच्याच मराठ्यांवर तलवार चालवत. चीनमध्ये झांग झुओलिन आणि वू पेइफू १९२० मध्ये मित्र, १९२२ मध्ये शत्रू, १९२४ मध्ये पुन्हा शत्रू, १९२६ मध्ये पुन्हा मित्र. घोरपड्यांची चाल यांच्यापेक्षा मुळीच संथ नव्हती.

आता पैशाकडे वळू, कारण खरी चक्कर तिथे येते.

डिसेंबर १७४९. चंदासाहेब, मुजफ्फरजंग आणि फ्रेंच, तिघांनी तंजावरला वेढा घातला. प्रतापसिंहांनी तह केला. कबूल केलेली रक्कम सत्तर लाख रुपये, शिवाय फ्रेंच सैनिकांना दोन लाख, शिवाय कारैकलला जोडून एक्याऐंशी गावं. सत्तर लाख म्हणजे किती? तेव्हाचा रुपया चांदीचा, वजन साडेअकरा ग्रॅमच्या आसपास. झाली ऐंशी टन चांदी! दहा टनांचे आठ ट्रक, काठोकाठ. नाणी एकावर एक रचली तर एकवीस किलोमीटरचा खांब, सव्वादोन एव्हरेस्टहून उंच. नाण्याला नाणं चिकटवून जमिनीवर मांडली तर १६८ किलोमीटर. मुंबईहून निघा आणि रुपयांवरून चालत पुणे ओलांडून पुढे जा! सेकंदाला एक नाणं या वेगाने, न झोपता, न जेवता मोजलं तर एक्याऐंशी दिवस. गावंही एक्याऐंशी आणि दिवसही एक्याऐंशी!

आणि इथेच प्रतापसिंहांनी जे केलं ते वाचून मला या राजाविषयी मनापासून आदर वाटतो. त्यांनी पैसे मोजलेच नाहीत, मोजायला लावले. एके दिवशी सोन्याचांदीची भांडी पाठवली, त्यांची किंमत ठरवण्यात दिवस गेले. मग चलनातून बाद झालेली जुनी नाणी पाठवली, त्यांच्या बट्ट्यावरून घासाघीस. मग जडजवाहीर, त्याच्या पारखीवरून वाद. वेढा घालणारे भांड्यांची वजनं करत बसले, आणि तोवर नासिरजंगाची ती तीन लाखांची फौज येत असल्याची बातमी आली. चंदासाहेब आणि फ्रेंच तळ उठवून पाँडिचेरीकडे पळाले, आणि तंजावरचे स्वार त्यांच्या पाठीवर. तीन लाखांच्या फौजेचा असा उपयोग दुसऱ्या कोणी केल्याचं मला तरी आठवत नाही.

पण कागद मागे राहिला होता. १७४९ च्या तहातला छप्पन्न लाखांचा रोखा घेऊन १७५८ मध्ये फ्रेंच सेनापती लाली तंजावरच्या दारात उभा राहिला. वाटेत त्याने किवळूरचं देऊळ खणून काढलं आणि सहा ब्राह्मणांना हेर ठरवून तोफेच्या तोंडी दिलं. वेढा पडला, दारूगोळा संपत आला, ऑगस्टमध्ये तोही परत गेला. छप्पन्न लाख तसेच राहिले.

मित्र मात्र शत्रूंपेक्षा महाग पडले. १७६२ मध्ये इंग्रजांच्या मध्यस्थीने नवाब मुहम्मद अलीशी करार झाला: थकबाकी बावीस लाख, पाच हप्त्यांत, आणि दरसाल चार लाख खंडणी. १७७१ मध्ये नवाबाची आणि कंपनीची फौज तंजावरच्या तटाला भिडली. तटाला खिंडार पडलं आणि प्रतापसिंहांनंतर गादीवर आलेल्या तुळजाराजांनी लिहून दिले थकबाकीचे आठ लाख आणि लढाईच्या खर्चाचे साडेबत्तीस लाख. नीट वाचा. तुमच्यावर हल्ला करण्याचा खर्च तुम्हीच द्यायचा, साडेबत्तीस लाख! सत्तर, बावीस आणि साडेचाळीस मिळून एक कोटी साडेबत्तीस लाख. नाणी मांडली तर ३१८ किलोमीटर. मुंबई-पुणे-मुंबई, आणि वर अठरा किलोमीटर. त्यात दरसालचे चार लाख धरलेले नाहीत. आणि हे सगळं पुणे जिल्ह्याच्या दोन-तृतीयांशाहूनही लहान मुलखातून यायचं, कारण जुना तंजावर जिल्हा साडेनऊ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास.

एवढं देऊनही १७७३ च्या सप्टेंबरमध्ये नवाबाने तंजावर गिळलंच. तुळजाराजे कैदेत. लंडनहून हुकूम आला, मद्रासचा गव्हर्नर लॉर्ड पिगट स्वतः आला आणि ११ एप्रिल १७७६ रोजी राजांना पुन्हा गादीवर बसवलं. आणि मग उगवला पॉल बेनफील्ड. कंपनीचा हा एक नोकर म्हणाला, तंजावरच्या वसुलावर माझं दोन लाख चौतीस हजार पौंड कर्ज आहे! त्याच्यासारख्याचा पगार वर्षाला काही शे पौंड. तीनशे धरा. दोन लाख चौतीस हजार साठवायला सातशे ऐंशी वर्षं लागतील, एक पैसा खर्च न करता. १७७६ मधून ७८० वजा करा. उरले ९९६. तेव्हा तंजावरच्या सिंहासनावर राजराज चोळ होता आणि बृहदीश्वराचं देऊळ पुरं व्हायला चौदा वर्षं बाकी होती! तिथून पगार साठवायला सुरुवात केली असती तर बेनफील्डचा दावा खरा ठरला असता. पिगटने दावा मानला नाही. त्याच्याच मंडळाने त्याच ऑगस्टमध्ये गव्हर्नरला अटक केली आणि पुढच्या मे महिन्यात पिगट कैदेत मेला.

नवाबाच्या अशा सावकारांची तपासणी पुढे चौकशी मंडळाकडे गेली. १८१४ अखेरपर्यंत निकाली निघालेले दावे होते २,०३,९०,५७० पौंडांचे. खरे ठरले १३,४६,७९६ पौंडांचे. पंधरातला एक! पौंडाला पावणेनऊ रुपये धरून रस्त्यावर मांडू या. खऱ्या कर्जाचे रुपये २८३ किलोमीटर जातात, मुंबईहून पुण्याला जाऊन परत यायलाही कमी. आणि मागितलेले रुपये? ४,२८० किलोमीटर! काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत आणि तिथून बरंच मागे. वजन दोन हजार टनांच्या वर, मालगाडीच्या साठ टनी चौतीस वाघिणी, चांदीने भरलेल्या. त्यांतल्या बत्तीस वाघिणी खोट्या! आणि या कर्जातला मोठा भाग ज्या मोहिमांच्या नावावर होता, त्यांत तंजावरवरच्या मोहिमाही होत्या.

इथपर्यंतचे आकडे राजांचे, सावकारांचे आणि सेनापतींचे झाले. आता कुंभकोणमच्या शेताकडे या.

१७८० च्या जुलैत हैदर अली कर्नाटकात उतरला, फौज ऐंशी-नव्वद हजार. १७८१ मध्ये तंजावरचा किल्ला सोडून जवळजवळ सगळा मुलूख त्याच्या घोड्यांखाली गेला. पुढच्या फेब्रुवारीत, १६ ते १८ तारखेला, कुंभकोणमजवळ कोळ्ळिडमच्या काठी अण्णागुडी इथे कर्नल ब्रेथवेटला टिपूने गाठलं. इंग्रजांकडे दोन हजारांच्या आसपास, टिपूकडे वीस हजार. एकाला दहा. तीन दिवस तोफा चालल्या आणि ब्रेथवेटने शस्त्रं खाली ठेवली. तंजावरला काम करणारा मिशनरी श्वार्ट्झ लिहितो की या मुलखातली बारा हजार मुलं पकडून नेली गेली. बारा हजार. एका वर्गात चाळीस धरली तर तीनशे वर्ग. तीस मोठ्या शाळांची पटावरची सगळी मुलं, एकदम, रस्त्यावरून चालवत नेलेली. या आकड्याला कोणत्याही गाडीशी ताडून पाहायला माझा हात उचलला जात नाही.

आणि भात. तंजावरचं माप कलम, एक कलम भात सुमारे एकोणतीस किलो. चांगल्या वर्षी या मुलखाचं पीक कोटी कलमाच्या घरात. कोटी कलम म्हणजे दोन लाख नव्वद हजार टन. बेचाळीस वाघिणींच्या मालगाडीत साधारण सव्वीसशे टन मावतात, म्हणजे एकशे अकरा मालगाड्या. एकामागे एक उभ्या केल्या तर बहात्तर किलोमीटर. तंजावरहून कुंभकोणमवरून मैलाडुतुरैला जाणारा लोहमार्ग सुमारे सत्तर किलोमीटर आहे. चांगल्या वर्षी तो पूर्ण भाताने भरलेला! १७८१-८२ मध्ये पीक आलं १५,७८,२२० कलम. १७८२-८३ मध्ये आणखी खाली, १३,७०,१७४. पंधरा मालगाड्या. ओळ दहा किलोमीटरची. कुंभकोणम स्टेशनातून सुरू होते आणि शेजारच्या तिरुविडैमरुदूरपाशी संपते. बाकी साठ किलोमीटर रूळ मोकळे! बियाणं न काढता, जनावराला दाणा न घालता, हे भात जेमतेम दीड लाख माणसांना वर्षभर पुरेल एवढंच.

हे सगळं होत असताना माणसं कुंभकोणमकडेच धावली, ही त्याहून थक्क करणारी गोष्ट. कांचीचा कामकोटी मठ याच धामधुमीत तंजावरच्या राज्यात आला आणि कुंभकोणमला स्थिरावला. सोन्याची कामाक्षी तंजावरला आली. गादीवरून उतरवलेले अमरसिंह १७९८ नंतर तिरुविडैमरुदूरलाच राहिले, वर्षाला पंचवीस हजार होनांच्या नेमणुकीवर. आणि १८२८ मध्ये याच कुंभकोणमात एका मराठी घरात टी. माधवराव जन्मले, ज्यांनी पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांची दिवाणगिरी केली. शंभर वर्षं खंडणीखाली वाकलेल्या मुलखातून तीन राज्यांच्या तिजोऱ्या सावरणारा माणूस निघाला!

१७९९ च्या ऑक्टोबरमध्ये सरफोजीराजांनी करार केला: राज्य कंपनीकडे, राजांना वर्षाला एक लाख होन आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा. त्यानंतर या वर्तुळात निशाणांची ती गर्दी पुन्हा झाली नाही.

पाहिलंत? इथले बहुतेक आकडे इंग्रजांच्या वह्यांतले आहेत. आपल्या माणसांनी लिहिलेलं तंजावरला आहे, बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास आहे, आणि सरस्वती महालात अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनचे मोडीतल्या कागदांचे शेकडो रुमाल आहेत. महाराष्ट्रात आज मोडी शिकणारी तरुण मुलं भरपूर आहेत. त्यांनी एक सुट्टी तंजावरला काढावी आणि ते रुमाल वाचायला बसावं. कोणी किती भात दिलं, कोणत्या गावाने किती होन भरले, हे त्यांत शोधावं, कारण ते वाचायला इंग्रज येणार नाही.